कापूसपट्ट्यातील कुटुंबाचे साप्ताहिक अंदाजपत्रक : कळंब (जि. यवतमाळ) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन स्तरावर शिकविले जाणारे कौटुंबिक अंदाजपत्रक प्रायः मासिक वेतनावर आधारलेले असते. कळंबसारख्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात मात्र पिकाचा पैसा हंगामात येतो आणि घरखर्च आठवडी बाजाराच्या चक्राने होतो. त्यामुळे मासिक चौकटीत मांडलेला हिशेब या भागातील घरांना लागू पडत नाही. घरखर्चाच्या तपासणीचे एकक आठवडा असावे, वर्षाचे उत्पन्न बावन्न आठवड्यांत विभागावे आणि उधारीची नोंद माल घरात आला त्याच दिवशी करावी, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. अंदाज व प्रत्यक्ष खर्च यांतील फरक कसा काढावा व त्याचा अर्थ कसा लावावा, हे एका काल्पनिक कुटुंबाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : कौटुंबिक अंदाजपत्रक, आठवडी बाजार, उधारी, संचित फरक, हंगामी उत्पन्न, बचत गट.

प्रस्तावना

गृहअर्थशास्त्राच्या प्रात्यक्षिक वह्या तपासताना एक गोष्ट दरवर्षी नजरेस येते. 'मध्यम उत्पन्न गटातील कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक' या शीर्षकाखाली पहिली ओळ असते ती कुटुंबप्रमुखाच्या मासिक वेतनाची. त्याखाली अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, आरोग्य, करमणूक व बचत यांची टक्केवारी सुबक रकान्यांत मांडलेली असते. बेरीज जुळते, आकृती रंगविलेली असते आणि गुणही चांगले मिळतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस विचारले, "मॅडम, आमच्या घरी कोणालाच पगार नाही. मग पहिल्या ओळीत काय लिहू?" त्या वेळी 'एक रक्कम गृहीत धर' असे उत्तर देऊन वेळ निभावून नेली. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

यवतमाळ–नागपूर मार्गावरील कळंब हे तालुक्याचे गाव चिंतामणीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्ग सुरू झाल्यामुळे गावाचे दळणवळण वाढले. तथापि परिसराचा आर्थिक कणा आजही कापूस, सोयाबीन व तूर हाच आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची घरे या तीन पिकांवर, शेतमजुरीवर आणि दारातील एखाद्या दुभत्या जनावरावर चालतात. या घरांत हिशेब नसतो असे मुळीच नाही. गृहिणीच्या डोक्यात तो पक्का असतो, किराणा दुकानदाराच्या वहीत तो लिहिलेला असतो आणि कृषी केंद्राच्या खात्यावरही असतो. फक्त तो एका ठिकाणी, एका कागदावर आणि कुटुंबाच्या स्वतःच्या हातात नसतो.

लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) घरखर्चाच्या तपासणीसाठी आठवडा हे एकक का योग्य ठरते ते स्पष्ट करणे, (२) हंगामी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी अंदाजपत्रकाची रीत मांडणे, (३) अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरकाचे वाचन समजावून देणे, (४) अध्यापनासाठी काही सूचना करणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. राष्ट्रीय पाहण्यांची प्रसिद्ध आकडेवारी दुय्यम साधन म्हणून वापरली आहे. उदाहरणातील कुटुंब व त्याचे आकडे रीत समजावी म्हणून योजलेले असून ते कोणत्याही सर्वेक्षणाचे निष्कर्ष नाहीत.

घरखर्चाच्या हिशेबाची परंपरा

जमाखर्च ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना नव्हे. पेशवाईतील दप्तरात दररोजच्या नोंदींची रोजकीर्द, खातेवार मांडणीची खतावणी, गोषवाऱ्याची तेरीज आणि पुढील जमाखर्चाचा अदमास सांगणारा बेहेडा असे प्रकार रूढ होते. आज ज्याला आपण अंदाजपत्रक म्हणतो त्याच्याशी बेहेड्याचे जवळचे नाते आहे. मात्र ही शिस्त दरबार, सरदार व सावकार यांच्या घरी नांदली. कुणब्याच्या घरापर्यंत ती पोचली ती बहुधा त्याच्या नावावरील कर्जाच्या नोंदीच्या रूपाने.

सामान्य कुटुंबाच्या खर्चाचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात युरोपात सुरू झाला. बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या आधारे अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये असे दाखविले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. आपल्या प्रांतात हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला व त्यात कुटुंबांचे उत्पन्न, गरजा आणि कर्ज समोरासमोर मांडले. मुंबईतील कामगारवर्गाच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची पाहणी फिंडले शिरास यांच्या नावे १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सर्व अभ्यास बाहेरच्या माणसाने कुटुंबाविषयी केलेले होते. कुटुंबाने स्वतःसाठी करावयाच्या हिशेबाचे एक ठळक उदाहरण जपानचे आहे. हानी मोतोको या पत्रकार स्त्रीने १९०४ मध्ये तेथील गृहिणींसाठी घरखर्चाच्या वहीचा नमुना प्रसिद्ध केला आणि 'काकेइबो' या नावाने ती पद्धत तेथे रुजली.

आठवडाच का?

आठवडा हे एकक सुचविण्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण बाजाराचे. ग्रामीण विदर्भात आठवडी बाजार हा खरेदीचा दिवस तर असतोच, शिवाय तो मजुरीच्या चुकाऱ्याचाही दिवस असतो. निंदण, डवरणी वा कापूस वेचणीची मजुरी अनेकदा बाजाराच्या दिवशी हाती पडते आणि त्याच दिवशी तेल, मीठ, मिरची, भाजी यांत रूपांतरित होऊन थैलीतून घरी येते. म्हणजे जमा व खर्च यांची गाठ आठवड्यातून एकदा आपोआप पडते. तपासणीसाठी वेगळा दिवस शोधण्याची गरजच राहत नाही.

दुसरे कारण स्मरणाचे. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून देशातील कुटुंबांना त्यांचा खर्च विचारत आली आहे. खर्च किती दिवसांचा विचारावा, हा प्रश्न या पाहणीला वर्षानुवर्षे सतावत होता. १९९० च्या दशकातील प्रयोगांत असे आढळले की, अन्नपदार्थांचा खर्च गेल्या सात दिवसांचा विचारला असता तो गेल्या तीस दिवसांच्या उत्तरापेक्षा तुलनेने अधिक निघतो. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच कुटुंबाला दोन्ही कालावधी विचारल्यामुळे दारिद्र्याच्या आकड्यांची तुलना कशी करावी, यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. पुढे एक मिश्र पद्धत स्थिरावली. भाजीपाला, फळे, खाद्यतेल, अंडी-मांस, मसाले, चहा-फराळ, पान-तंबाखू यांचा खर्च सात दिवसांचा. धान्य, डाळी, दूध, साखर, इंधन इत्यादींचा तीस दिवसांचा. आणि कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयातील उपचार व टिकाऊ वस्तू यांचा तीनशे पासष्ट दिवसांचा. ही विभागणी तज्ज्ञांनी आकडेवारीसाठी केली असली तरी तिच्यात घरासाठी मोठा धडा आहे. प्रत्येक खर्चाची एक स्वतःची लय असते आणि लहान, वारंवार होणारे खर्च आठवडा उलटला की विसरले जातात.

तिसरे कारण दुरुस्तीचे. महिनाअखेर चूक कळली तर महिना संपलेला असतो. आठवड्याने कळली तर पुढील तीन आठवडे हाती असतात.

उत्पन्नाची बाजू : वर्षाचा पैसा बावन्न आठवड्यांत

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या ओळीकडे वळू. कृषी कुटुंबांच्या २०१८-१९ या वर्षाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील कृषी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी व वेतनाचा वाटा ४,०६३, पिकांचा निव्वळ वाटा ३,७९८, पशुपालनाचा १,५८२, बिगरशेती व्यवसायाचा ६४१ आणि जमीन खंडाने देण्याचा १३४ रुपये होता. ज्याला आपण शेतकरी कुटुंब म्हणतो त्याच्या उत्पन्नात मजुरीचा वाटा पिकापेक्षा मोठा होता, ही बाब लक्षणीय आहे. त्याच पाहणीत ५०.२ टक्के कृषी कुटुंबे कर्जदार आढळली.

तात्पर्य असे की, 'पगार नाही' म्हणजे 'उत्पन्नाची ओळ नाही' असे नव्हे. एका ओळीऐवजी चार ओळी लिहाव्या लागतात : आठवड्याची मजुरी, दुधाचा चुकारा, शासकीय योजनांचे ठरावीक हप्ते आणि पिकाचा हंगामी पैसा. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे दोन हजार रुपये चार महिन्यांनी येतात, तर जुलै २०२४ पासूनची लाडकी बहीण योजना दरमहा दीड हजार रुपयांची म्हणून सुरू झाली. यांतील प्रत्येकाची लय वेगळी आहे आणि पहिल्या ओळीत ती लय लिहिली गेली पाहिजे.

पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, उतारा व भाव दोन्ही हात राखून धरावेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. परंतु खुल्या बाजारात तो मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. दुसरे, शेतीची वही आणि घराची वही स्वतंत्र असावी. पुढील पेरणीचे बियाणे, खत, फवारणी व पीककर्जाचा हप्ता हे पैसे आधी बाजूला काढून उरलेली रक्कमच घराच्या वहीत जमा धरावी. कापसाचा चुकारा हाती आला की तो सगळाच उत्पन्न वाटतो. वास्तविक त्यातील मोठा भाग मागच्या जून महिन्याचा खर्च परत आलेला असतो.

उदाहरणासाठी पाच माणसांचे एक कुटुंब घेऊ. शेतीचा खर्च व कर्जाचा हप्ता वजा जाता पिकांचे ८४,००० रुपये, मजुरीचे ४८,००० रुपये आणि दुधाचे २४,००० रुपये, असे वर्षाला १,५६,००० रुपये घरासाठी उपलब्ध आहेत असे मानू. त्यास बावन्नने भागता आठवड्याला ३,००० रुपये येतात. घरची ज्वारी व तूर आणि रास्त भाव दुकानातील धान्य यात धरलेले नाही. त्यांची नोंद वहीच्या स्वतंत्र पानावर वजनाने करावी. घरच्या शेतातील धान्याला फुकटचे मानण्याची आपली सवय असते. राष्ट्रीय पाहणीत मात्र त्याची किंमत शेतावरील भावाने धरली जाते, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

खर्चाची वर्गवारी

या ३,००० रुपयांची वाटणी खर्चाच्या लयीनुसार करावयाची आहे. उदाहरणातील कुटुंबाने ती अशी केली : बाजार व किराणा १,६००, महिन्याने येणारे खर्च (वीज, गॅस, मोबाइल) ४००, वर्षातून एकदोनदा येणारे खर्च (शाळा, कपडे, सण, औषधोपचार) ७००, बचत गट व अडीअडचणीसाठी ३००.

येथे महिना व आठवडा यांच्या गणितातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. महिन्याचे आठवडे चार असे आपण सहज म्हणतो. पण त्या हिशेबाने वर्षाचे अठ्ठेचाळीसच आठवडे होतात. उरलेले चार आठवडे घर जेवतेच. अठ्ठावीस दिवसांचा मोबाइल रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा भरावा लागतो. म्हणून वर्षाचे चार-चार आठवड्यांचे तेरा भाग पाडणे हिशेबाला अधिक सोयीचे ठरते.

वार्षिक खर्चाचे ७०० रुपये दर आठवड्याला प्रत्यक्ष बाजूला काढले गेले पाहिजेत, केवळ कागदावर नव्हे. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात आणि गणवेश, वह्या-पुस्तकांचा खर्च नेमका पेरणीच्या तोंडावर येतो. तो अनपेक्षित मुळीच नसतो. दरवर्षी त्याच महिन्यात येणाऱ्या खर्चाला अचानक आलेला म्हणता येत नाही.

साप्ताहिक तपासणी : अंदाज, प्रत्यक्ष आणि फरक

वहीत दर आठवड्यास पाच रकाने पुरेसे आहेत : अंदाज, प्रत्यक्ष, फरक, संचित फरक आणि कारण. बाजार व किराणा या शीर्षाखालील चार आठवड्यांची नोंद पुढे दिली आहे. अधिक चिन्ह शिल्लक दर्शविते व उणे चिन्ह जादा खर्च दर्शविते.

तक्ता क्र. १ : बाजार व किराणा (रुपये)

| आठवडा | अंदाज | प्रत्यक्ष | फरक | संचित फरक | कारण |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | १,६०० | १,५४० | +६० | +६० | – |
| दुसरा | १,६०० | १,७१० | −११० | −५० | पाहुणे. भाजी महाग |
| तिसरा | १,६०० | १,४८० | +१२० | +७० | घरची भाजी |
| चौथा | १,६०० | २,०९० | −४९० | −४२० | पोळा |
| एकूण | ६,४०० | ६,८२० | −४२० | | |

या तक्त्याचे वाचन कसे करावे? दुसऱ्या आठवड्यातील ११० रुपयांपैकी ७५ रुपये एकट्या तूरडाळीचे आहेत, असे समजू. अंदाज १ किलो डाळ १२० रुपयांनी घेण्याचा होता. प्रत्यक्षात दीड किलो डाळ १३० रुपयांनी घेतली व १९५ रुपये लागले. यात भाववाढीचा भाग एका किलोमागे १० रुपये, तर जास्त घेतलेल्या अर्ध्या किलोचा भाग ६५ रुपये आहे. म्हणजे 'महागाईने खर्च वाढला' हे येथे खरे नाही. पाहुणे आले म्हणून वाढला. भाव वाढल्यास अंदाज बदलावा लागतो. पाहुण्यांमुळे वाढल्यास पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. दोन्हींवरील उपाय वेगळे असल्याने वहीत रुपयांबरोबर वजनही लिहिले पाहिजे.

चौथ्या आठवड्याचा आकडा प्रथमदर्शनी चिंताजनक दिसतो. परंतु त्यातील ५२० रुपये पोळ्याचे, म्हणजे बैलांचा साज, पुरणपोळीचे साहित्य व मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे आहेत. हा खर्च वार्षिक शीर्षातील आहे. तो तिकडे नेल्यास चौथ्या आठवड्याचा बाजारखर्च १,५७० रुपये होतो आणि संचित फरक उणे ४२० ऐवजी अधिक १०० येतो. घर उधळे नव्हते, नोंद चुकीच्या खात्यात होती. याउलट सणाचा खर्च वार्षिक शीर्षात बसत नसेल, तर तो सण झेपत नाही एवढे तरी वही आधी सांगते. सणासाठी ऋण काढू नका, असे गाडगेबाबा कीर्तनांतून सांगत असत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या महाविद्यालयांत ते हिशेबाच्या रूपाने शिकविता येईल.

एका आठवड्याच्या फरकावरून निर्णय घेऊ नये, ही या पद्धतीची दुसरी शिकवण होय. आठवड्यांचा चढउतार स्वाभाविक असतो. संचित फरक सलग चार आठवडे उणेच राहिला, तरच अंदाज चुकला आहे की सवय बदलली आहे, याचा विचार घरात व्हावा.

उधारी : न दिसणारा खर्च

या परिसरात घरखर्चाचा हिशेब बिघडतो तो बहुधा उधारीच्या ठिकाणी. वरील चार आठवड्यांच्या ६,८२० रुपयांपैकी २,४०० रुपयांचा माल दुकानदाराच्या खात्यावर लिहून आणला, असे समजा. गृहिणीने फक्त रोख खर्च लिहिल्यास वहीत ४,४२० रुपये दिसतील आणि ६,४०० रुपयांच्या अंदाजातून १,९८० रुपये वाचल्याचा भास होईल. प्रत्यक्षात ४२० रुपये जादा खर्च झालेला आहे. नोव्हेंबरमध्ये कापूस विकून खाते चुकते केले की तो खर्च एकदम नोव्हेंबरचा दिसू लागतो. मग 'कापसाचा पैसा आला कधी आणि गेला कुठे' हे उद्गार घरोघर ऐकू येतात. तो पैसा श्रावण-भाद्रपदातच खाऊन झालेला असतो.

यावरील नियम साधा आहे. माल ज्या दिवशी घरात आला त्या दिवशी खर्च लिहावा. रोख असो वा उधार. उधारीची रक्कम वेगळ्या रकान्यात 'देणे' म्हणून पुढे ओढावी. नंतर पैसे दिले की देणे कमी करावे, खर्च पुन्हा लिहू नये. अन्यथा एकच खर्च दोनदा मोजला जाईल. दुकानदाराच्या वहीशी ही नोंद महिन्यातून एकदा ताडून पाहावी. यात अविश्वास नाही. दोघांच्या वह्या जुळल्या तर दोघांचाही संबंध टिकतो.

पावसाळ्याचा पूल

साप्ताहिक अंदाजपत्रकाचा खरा उपयोग जून ते ऑक्टोबर या काळात होतो. उदाहरणातील कुटुंबाला जूनच्या आरंभापासून सुमारे वीस आठवडे, म्हणजे नव्या सोयाबीनचा पैसा येईपर्यंत, ६०,००० रुपये लागतील. या काळात निंदणाची व इतर मजुरी १८,००० आणि दूध ८,०००, असे २६,००० रुपये येतील असे धरू. उरलेले ३४,००० रुपये मागील हंगामातून राखलेले असले पाहिजेत. हाती १९,००० रुपयेच असतील तर १५,००० रुपयांची तूट पडणार, हे १ जूनलाच कळते. दर आठवड्याला सरासरी १,७०० रुपये कमी पडत असल्याने हातची शिल्लक बाराव्या आठवड्यात, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, संपेल.

हे जूनमध्ये कळणे आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी कळणे, यांत मोठे अंतर आहे. गरज दारात उभी असताना घेतलेले कर्ज ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून व तो सांगेल त्या दराने घ्यावे लागते. १५,००० रुपये तीन महिन्यांसाठी दरमहा ३ टक्क्यांनी घेतल्यास व्याज १,३५० रुपये होते. बचत गटाकडून दरमहा १ टक्क्याने मिळाल्यास ४५० रुपये होते. वाचलेले ९०० रुपये म्हणजे या कुटुंबाची तीन आठवड्यांची बचत होय. गटाकडे मात्र मागणी वेळेवर नोंदवावी लागते. तूट आधी कळल्यास कर्जाखेरीज इतर मार्गही दिसतात : थोडी तूर भाव येईपर्यंत राखून ठेवणे, कपड्यांची खरेदी दिवाळीपर्यंत पुढे ढकलणे, किंवा रोजगार हमीच्या कामासाठी वेळीच मागणी करणे.

बांगलादेश, भारत व दक्षिण आफ्रिका येथील अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या आर्थिक नोंदी दर पंधरवड्यास वर्षभर घेणारा एक अभ्यास २००९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. गरीब घरांची अडचण केवळ कमी उत्पन्नाची नसते. ते उत्पन्न अनियमित असते व त्याला वळण लावण्याची साधने अपुरी असतात, हे त्यातून स्पष्ट झाले. साप्ताहिक वही हे असेच एक साधन आहे आणि त्याला दहा रुपयांची वही व एक पेन एवढेच भांडवल लागते.

वही कोणाची?

खर्चाची माहिती गृहिणीकडे आणि पिकाच्या उत्पन्नाची माहिती पुरुषाकडे, अशी विभागणी अनेक घरांत दिसते. कापूस महामंडळाला विकलेल्या मालाचा चुकारा बँक खात्यात जमा होतो आणि खाते बहुधा सातबारा ज्याच्या नावे त्याचे असते. दुसरीकडे, तेल संपले आहे हे फक्त चुलीजवळ कळते. अर्धी माहिती असलेल्या दोन व्यक्तींकडून पूर्ण अंदाजपत्रक होत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी रात्री दहा मिनिटे दोघांनी वही समोर घेऊन बसणे, हाच या पद्धतीचा गाभा आहे. घरातील शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलीने बेरीज करावी.

येथे एका नाजूक शीर्षाचा उल्लेख टाळता येत नाही. खर्रा, तंबाखू व तत्सम खर्च बहुधा कोणीच सांगत नाही. दिवसाला २० रुपये म्हणजे आठवड्याला १४० व वर्षाला ७,३०० रुपये होतात. उदाहरणातील कुटुंबाच्या वर्षभराच्या बचतीच्या (१५,६०० रुपये) जवळजवळ निम्मी ही रक्कम आहे. तरीही वहीचा उपयोग आरोप करण्यासाठी होऊ नये. वहीवरून भांडण झाले की पुढच्या आठवड्यापासून खोटी नोंद सुरू होते आणि खोटी वही असण्यापेक्षा वही नसलेली बरी. प्रत्येक मोठ्या व्यक्तीस ठरावीक 'हातखर्च' द्यावा व त्याचा तपशील विचारू नये. रक्कम मात्र लिहावी. हा व्यवहार्य मार्ग होय.

मर्यादा

हिशेबाने उत्पन्न वाढत नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. २००६ मध्ये केंद्र शासनाने पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात यवतमाळ होते. कोरडवाहू शेतीची जोखीम, कापसाचा भाव, सिंचनाचा अभाव व पतपुरवठा ही या संकटाची कारणे घराबाहेरची होती. शेतकऱ्याला हिशेब येत नाही म्हणून तो कर्जात बुडतो, असा निष्कर्ष या लेखातून कोणी काढल्यास तो अन्याय ठरेल. २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता व त्यातील ४७ टक्के अन्नावर होता. जेथे निम्मा खर्च पोटासाठीच होतो तेथे काटकसरीला फारसा वाव उरत नाही. एखादे मोठे आजारपण आले तर अठ्ठेचाळीस आठवड्यांची शिस्त एका आठवड्यात वाहून जाऊ शकते. वही तूट टाळेलच असे नाही. ती तूट आधी दाखविते आणि किती आहे ते सांगते, एवढाच तिचा दावा आहे.

निष्कर्ष

१. हंगामी उत्पन्न व आठवडी खरेदी असलेल्या कुटुंबास मासिक वेतनाधारित अंदाजपत्रक लागू पडत नाही. आठवडा हे तपासणीचे व वर्ष हे नियोजनाचे एकक असावे.

२. उत्पन्न व खर्च दोन्हींची विभागणी त्यांच्या लयीनुसार केल्यास 'अचानक' वाटणारे बरेच खर्च अपेक्षित ठरतात.

३. उधारीची नोंद माल आल्याच्या दिवशी न झाल्यास घरखर्चाचे चित्र पूर्णतः उलटे दिसू शकते.

४. संचित फरक व त्याचे कारण एकत्र वाचल्यासच निर्णय योग्य होतो. फरकाचा आकडा एकटा पुरेसा नसतो.

सूचना

गृहअर्थशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी प्रात्यक्षिक वहीत वेतनाच्या उदाहरणासोबत हंगामी उत्पन्नाचे एक उदाहरण अनिवार्य करावे. क्षेत्र प्रकल्पांतर्गत विद्यार्थ्याने स्वतःच्या घराची किमान तेरा आठवड्यांची वही ठेवावी. मूल्यमापन नोंदींच्या सातत्याचे व्हावे, रकमांचे नव्हे. घरची रक्कम वर्गात वाचून दाखविण्याची सक्ती कोणावरही करू नये. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड व हिशेब ही पंचसूत्री बचत गटांच्या महिलांना परिचित आहेच. त्यांच्या बैठकीत जून महिन्यात 'पावसाळ्याचा पूल' मोजण्याचे प्रात्यक्षिक विद्यार्थिनींनी करून दाखविल्यास महाविद्यालय व गाव या दोहोंचा लाभ होईल.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यावयाचे झाल्यास ते असे असेल : पहिल्या ओळीत आईची या आठवड्याची मजुरी लिही, त्याखाली दुधाचे पैसे लिही आणि त्याखाली कापसाच्या पैशाचा बावन्नावा भाग लिही. वेतनाची ओळ रिकामी राहिली तरी चालेल.